जुन्या गाडीचा तळ आधी बघा

आमच्या वस्त्यांमधून आता चारचाकी गाड्या उभ्या दिसू लागल्या आहेत. चाळीत एखाद्याने हप्त्यावर स्कूटर आणली तरी पेढे वाटले जायचे, तो काळ फार जुना नाही. आता कुणा गिरणी कामगाराचा नातू टूरिस्टची गाडी चालवतो, कुणी मांडवाचे आणि स्पीकरचे सामान वाहायला व्हॅन घेतो, कुणाला म्हाताऱ्या आईला दर महिन्याला इस्पितळात न्यायचे असते म्हणून दारात गाडी हवी असते. यांतल्या फार थोड्या गाड्या शोरूममधून येतात. बाकीच्या दुसऱ्या, नाहीतर तिसऱ्या हातातून उतरलेल्या असतात. त्यात कमीपणा काहीच नाही. ऐपतीप्रमाणे वस्तू घ्यावी आणि कर्जाचा डोंगर करू नये, हे शहाणपणच आहे.

प्रश्न असतो तो गाडी बघायला गेल्यावर आपण काय बघतो याचा. आम्ही अशा खरेदीला बऱ्याचदा बरोबर गेलो आहोत. कागदपत्रे वाचणारे माणूस सोबत असावे म्हणून आम्हाला नेतात. तिथे जे चालते ते सगळीकडे सारखेच. मुलगा सीटवर बसून स्टेअरिंग फिरवून बघतो. वडील किलोमीटरचा आकडा वाचतात. आई दार लावून बघते. धाकटा टेप सुरू करतो. मेकॅनिक सोबत असलाच तर तो बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतो आणि मान डोलावतो. रंग चकाकतो आहे, एसी गार हवा सोडतो आहे, मग अडले कुठे? इसार दिला जातो. एवढ्या सगळ्या मंडळींत एकही जण खाली वाकून गाडीच्या पोटाखाली बघत नाही. कपडे मळतील म्हणून असेल, किंवा खाली बघायचे काय असते हेच ठाऊक नसते म्हणून असेल.

गाडीचे आयुष्य मात्र तिथे, खाली, ठरत असते.

आमच्या ओळखीतल्या एका भगिनीची हकिगत सांगतो. नाव-गाव सांगण्याचे कारण नाही. तीस वर्षे सफाई खात्यात झाडू मारून त्या निवृत्त झाल्या. फंडाचे पैसे आले. मुलगा बारावी झालेला, गाडी चालवण्याचा परवाना हाताशी, नोकरी नाही. शाळेच्या मुलांची ने-आण करायची ठरली. समुद्रकाठच्या एका गावातून आठ वर्षांची व्हॅन १,६०,००० रुपयांना घेतली. वरून रंग नवा, सीटची कव्हरे नवी, आणि खालून सगळा तळ काळाभोर, जणू कालच डांबर फासलेले. विकणारा म्हणाला, अंडरकोटिंग करून दिले आहे, दहा वर्षे बघायला नको. या मायलेकांना तो गुणच वाटला.

पहिला पावसाळा गेला. दुसऱ्या पावसाळ्यात मागच्या सीटवर बसणारी पहिलीतली मुलगी म्हणाली, "दादा, इथून रस्ता दिसतो." मुलगा हसला. संध्याकाळी त्याने मॅट उचलली तर खरोखरच रस्ता दिसत होता. कार्पेट ओले, त्याखालचा पत्रा चाळणीसारखा, बोट दाबले की आत जाई. डेंटरने गाडी वर चढवून काळा थर खरवडला तेव्हा दाराखालचे दोन्ही पोकळ पट्टे आणि मागच्या सीटचा एक बोल्ट जिथे बसतो ती जागा सडलेली निघाली. दुरुस्तीचे ४२,००० रुपये झाले. गाडी तीन आठवडे उभी राहिली आणि त्या दरम्यान दोन पालकांनी मुले दुसऱ्या गाडीला लावली. पैशांचे एक वेळ बाजूला ठेवू. त्या सीटवर रोज चार लेकरे बसत होती.

विकणाऱ्याने हे जाणूनबुजून केले की नाही, ते आम्हाला सांगता येणार नाही. पण गंजलेल्या पत्र्यावर काळा थर फासणे म्हणजे कोटिंग, असे समजणारे गॅरेजवाले पुष्कळ आहेत आणि असे समजणारे गिऱ्हाईक त्याहून अधिक आहेत. म्हणून हा विषय थोडा मुळापासून घेऊ.

गंज चढायला तीन गोष्टी लागतात: लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू. यांतली एक जरी दूर ठेवली तरी गंज धरत नाही. आमच्या भगिनींना हे शिकवायला नको. लोखंडी तवा घासून तसाच ओला ठेवला तर सकाळी तांबडा होतो, पुसून तेलाचा हात फिरवला तर होत नाही. गाडीला कारखान्यात जो रंग देतात त्याचे पहिले काम शोभेचे नसून या तेलाच्या हाताचे असते. पुष्कळ गाड्यांच्या पत्र्यावर रंगाखाली जस्ताचा मुलामाही असतो. आपल्याकडच्या जस्ताच्या बादलीवर असतो तोच प्रकार. जस्त आधी स्वतः झिजते आणि तोवर लोखंडाला वाचवते. बादलीवर ओरखडा पडला तरी ती लगेच गंजत नाही, त्याचे कारण हे. पण जस्त संपले की बादलीचा तळ जातो, आणि गाडीचाही जातो.

दुसरी गोष्ट अशी की गंज आपल्या आपण थांबत नाही. ॲल्युमिनियमच्या पातेल्यावर जो पातळ थर बसतो तो घट्ट असतो आणि आतल्या धातूला झाकून टाकतो. लोखंडाचा गंज मात्र भुसभुशीत असतो. तो पाणी धरून ठेवतो, मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे फुगतो आणि वरच्या रंगाला उचलतो. दाराच्या खालच्या कडेला रंगाचे जे फोड दिसतात ते हेच. फोड दिसला म्हणजे गंज आता सुरू झाला असे समजू नये. बऱ्याचदा तो आतल्या बाजूने पत्रा खाऊन बाहेर पोहोचलेला असतो.

त्यात मीठ मिळाले की काम आणखी भराभर होते, कारण खारट पाण्यातून गंजाची क्रिया वेगाने चालते. मुंबई, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा या किनारपट्टीवर हवेतच खार असतो, वर चार महिन्यांचा पाऊस. नागपूर-अकोल्याकडची दहा वर्षांची गाडी आणि रेवदंड्याकडची दहा वर्षांची गाडी वरून सारख्या दिसल्या तरी खालून त्यांचे वय सारखे नसते. याचा अर्थ किनाऱ्यावरची गाडी घेऊच नये असा नाही. ती बघताना अंग मळवून घ्यावे, एवढाच आहे.

आता तळाला एवढे महत्त्व का? जुन्या जीपला किंवा ट्रकला खाली स्वतंत्र चासी असते. तिच्यावर बॉडी ठेवलेली असते, बॉडीचा पत्रा सडला तरी चासी ओझे वाहत राहते. आजच्या बहुतेक मोटारींना आणि छोट्या व्हॅनना अशी वेगळी चासी नसते. तळाचा पत्रा, दाराखालचे पोकळ पट्टे, खांब आणि छप्पर हे सगळे जोडून एकच सांगाडा केलेला असतो. म्हणजे ज्या पट्ट्यावर पाय ठेवून आपण आत बसतो तो नुसता उंबरठा नसतो, ती घराची तुळई असते. अपघातात माणसाभोवतीचा पिंजरा टिकला पाहिजे तो याच पट्ट्यांच्या आधारावर. ती सडलेली असताना वरून कितीही चकचकीत रंग दिला तरी तो वाळवी लागलेल्या वाशाला दिलेला रंग होय.

गंज नेहमी खालून वर चढतो असेही नाही. कितीतरी गाड्या आतून बाहेर सडतात. पुढच्या काचेखाली, वायपरपाशी जी जाळी असते तिच्यात झाडाची पाने पडतात. गाडी गुलमोहराखाली नाहीतर कडुलिंबाखाली उभी असेल तर हमखास. पाने कुजून पाण्याची वाट बंद होते आणि पाणी आत उतरते. एसीचे पाणी बाहेर टाकणारी नळी चोंदली तर ते पाणी डाव्या बाजूला पायाशी पडते. काचेचे रबर कडक होऊन फटी पडतात. वरची मॅट कोरडी दिसते, पण तिच्याखाली कार्पेट आणि त्याखाली जाड फोम असतो. तो एकदा भिजला की बंद गाडीत आठवडेच्या आठवडे ओला राहतो. पत्र्याच्या ट्रंकेखाली ओले गोणपाट ठेवून द्यावे तशातला प्रकार. गाडीत शिरताच ओल्या गोधडीसारखा वास आला आणि समोर सुगंधी बाटली टांगलेली दिसली, तर आम्ही सरळ कार्पेट उचलायला सांगतो. विकणारा कुरकुरतो. कुरकुरू द्यावे.

पुरात बुडालेल्या गाड्यांचा विषय वेगळा काढायला हवा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मुंबईत किती गाड्या पाण्याखाली गेल्या हे ज्यांनी पाहिले ते विसरलेले नाहीत. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले, डिसेंबर २०२३ मध्ये चेन्नई बुडाली. अशा गाड्या धुवून-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात विकायला येतात. पुराचे पाणी नुसते पाणी नसते. त्यात चिखल असतो, गटार असते, आणि तो गाळ सांगाड्याच्या पोकळीत जाऊन बसतो, जिथे कुणाचा हात पोहोचत नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढावा. गुंडाळलेल्या भागावर मातकट रेघ दिसली तर समजावे. सीट ज्या रुळावर पुढे-मागे सरकते तो रूळ आणि त्याचे बोल्ट तांबडे आहेत का बघावे. स्टेपनी उचलून तिच्या खड्ड्यात गाळ आहे का ते बोटाने चाचपावे. आणि मागच्या दोन वर्षांच्या विमा पॉलिसीच्या प्रती मागाव्यात. जुन्या गाडीच्या पॉलिसीत नो क्लेम बोनस शून्य दिसला तर आधीच्या वर्षी भरपाई घेतली होती का, कशाची, हे विचारता येते. गाळ धुवून निघतो, पॉलिसीवरचा आकडा तसाच राहतो.

गाडी बघायला जाताना सामान फार लागत नाही: एक टॉर्च, एक स्क्रू-ड्रायव्हर, फडक्यात गुंडाळलेले लहानसे लोहचुंबक आणि अंगाखाली घ्यायला गोणपाट. लोहचुंबक दाराच्या खालच्या कडेवर आणि चाकांवरच्या कमानीवर फिरवावे. पत्रा असेल तिथे ते चिकटते. लांबी नाहीतर फायबर भरून वरून रंग मारलेला असेल तिथे ते पकड सोडते. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने तळावर हलकेच ठोकत जावे. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द आवाज काढतो. पत्रा सडका वाटला तर मालकाला विचारूनच टोकाने दाबून बघावे. ज्यांना खाली झोपणे जमत नाही त्यांनी मोबाईलचा दिवा लावून, व्हिडिओ सुरू करून तो गाडीखालून फिरवावा आणि मग सावलीत बसून निवांत बघावे. आमच्या एका स्नेह्यांच्या मुलीने, ती अकरावीत शिकते, या पद्धतीने दोन गाड्या नापास केल्या. वडिलांपेक्षा तिचे डोळे जास्त चिकित्सक निघाले. सगळ्यांत बरे म्हणजे पन्नास-शंभर रुपये हातावर ठेवून गाडी एखाद्या सर्व्हिसिंगच्या रॅम्पवर चढवून घेणे. जो विकणारा रॅम्पला नकार देतो त्याच्याशी पुढे बोलण्यात वेळ घालवू नये.

बघायचे ते मुख्यतः जोड. शॉकअप, लोअर आर्म, मागचा ॲक्सल ज्या ज्या जागी सांगाड्याला बोल्टने बसवलेले असतात त्या जागा. बॉनेट उघडल्यावर दोन्ही अंगांना शॉकअपची वरची टोके बसतात तिथला पत्रा. बॅटरीखालचा तबकासारखा भाग, कारण तिथे ॲसिड सांडलेले असते. सीटच्या पट्ट्यांची खालची टोके. जॅक लावायची जागा: ती दबलेली किंवा फाटलेली असेल तर दाराखालचा पट्टा आतून गेला असे धरून चालावे. आणि ब्रेकच्या तेलाच्या बारीक नळ्या. या लोखंडी नळ्या चिखलात सडतात. एखाद्या दिवशी घाटात जोराने ब्रेक दाबला आणि नळी फुटली तर पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. त्यांच्यावर पापुद्रे सुटलेले दिसले तर त्या बदलल्याशिवाय गाडी घरीसुद्धा आणू नये. सीएनजीची गाडी असेल तर टाकी ज्या पट्ट्यांनी डिकीच्या तळाला बांधलेली असते तो तळही पाहावा, आणि टाकीच्या तीन-तीन वर्षांनी होणाऱ्या दाब-तपासणीचा दाखला मागावा.

कोणता गंज चालेल आणि कोणता चालणार नाही, याचे एक व्यवहारी माप आम्हाला ब्रिटनमधल्या पद्धतीत मिळाले. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात, त्यामुळे गाड्यांचे तळ फार सडतात. तीन वर्षे झालेल्या गाडीला तिथे दरवर्षी एमओटी नावाची तपासणी करून घ्यावी लागते. ब्रेक, स्टेअरिंग, सस्पेन्शन, सीटचे पट्टे यांच्या जोडापासून ३० सेंटिमीटरच्या आत गंजाने पत्रा कमकुवत झाला असेल तर गाडी नापास होते. तिथे नुसते फायबर चिकटवलेले चालत नाही, सबंध कडेने वेल्डिंग लागते. आपल्याकडे असा नियम कुणी दाखवणार नाही, पण फूटपट्टी आपल्या हातात आहे. जोडापासून फूटभराच्या आत सडका पत्रा असेल तर ती गाडी सोडून द्यावी, मग किंमत कितीही उतरो. सायलेन्सरवर, चाकाच्या तबकडीवर, बोल्टांच्या डोक्यांवर तांबूस झाक असेल तर घाबरण्याचे कारण नाही, ती प्रत्येक गाडीला असते. यांच्या मधले जे असते, म्हणजे तळाच्या सपाट पत्र्यावर एखादे भोक, चाकाच्या कमानीची कड खाल्लेली, त्याचा डेंटरकडून कागदावर अंदाज घ्यावा आणि तेवढी रक्कम किमतीतून उतरवून मागावी. तोंडी घासाघीस करण्यापेक्षा कागद पुढे ठेवला की बोलणे लवकर संपते.

गाडी घेतली, आणि तळाला गंज आहे. मग काय करायचे? पहिले काम म्हणजे झाकायचे नाही, उघडायचे. काळे कोटिंग हा शेवटचा थर आहे. तो आधी दिला तर खालच्या गंजातली ओल आतच कोंडते. काही महिन्यांनी कोटिंगला चिरा पडतात, चिरांतून नवे पाणी आत शिरते आणि बाहेर पडत नाही. उघडा गंज निदान वाळतो आणि दिसतो तरी. झाकलेला वाळतही नाही, दिसतही नाही. त्या भगिनीच्या व्हॅनचे नेमके हेच झाले होते.

म्हणून तळ जोराच्या पाण्याने धुवून घ्यावा आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवावा. हे काम पावसाळ्यात काढू नये. एप्रिल-मे उत्तम. मग तार-ब्रशने, ग्राइंडरच्या चकतीने, कोपऱ्यात पॉलिश पेपरने पापुद्रे काढून पांढरा, चमकता पत्रा दिसेपर्यंत घासावे. इथे गॅरेजवाले घाई करतात. मजुरी घासण्याची असते आणि गिऱ्हाइकाला दिसतो तो शेवटचा काळा रंग, मग ते तरी कशाला घासत बसतील? शक्य असेल तर घासून झाल्यावर, प्राइमर मारण्याआधी, स्वतः जाऊन बघून यावे. गंजाचे रूपांतर करणारी औषधे बाटलीत मिळतात. त्यांत बहुधा फॉस्फरिक ॲसिड नाहीतर टॅनिक ॲसिड असते. पापुद्रे काढल्यावर जो बारीक, घट्ट गंज खड्ड्यांत उरतो त्याला ती काळी, स्थिर करतात. पण सुटलेल्या पापुद्र्यांवर ते औषध ओतणे म्हणजे औषधाचे पैसे ओतणे.

जिथे पत्रा पातळ झाला किंवा भोक पडले तिथला सडका भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून टाकावा आणि नवा तुकडा वेल्डिंगने बसवावा. जुन्यावर नवा तुकडा नुसता चिकटवला तर दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी साचायला आयतीच जागा होते. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची तार काढली आहे का, सीट आणि कार्पेट बाहेर काढले आहे का, पेट्रोलची टाकी आणि तिच्या नळ्या कामाच्या जागेपासून दूर आहेत किंवा उतरवल्या आहेत का, हे स्वतः पाहावे. फोमला ठिणगी लागली की गाडी वाचत नाही, आणि आत काम करणारा पोरगाही कुणाच्या तरी घरचा असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने पत्र्याच्या मागच्या बाजूचा रंगही जळतो. पुढून आपण चार हात देतो आणि मागून, पोकळीच्या आत, कोरा पत्रा उघडा राहतो. दोन वर्षांनी गंज बरोबर वेल्डिंगच्या रेघेवर उमटतो तो यामुळे. यासाठी पोकळ पट्ट्यांच्या आत लांब नळीने मेणासारखे पातळ द्रव्य फवारतात. चांगल्या गॅरेजमध्ये ते मिळते, मागावे मात्र लागते.

घासलेल्या पत्र्यावर त्याच दिवशी प्राइमर यायला हवा, रात्रभर उघडा ठेवू नये. जस्तयुक्त किंवा इपॉक्सी प्राइमर चांगला. रेड ऑक्साइड स्वस्त पडतो आणि काहीच नसण्यापेक्षा बरा, पण समुद्रकाठी त्याच्या भरवशावर राहू नये. सांध्यांना सीलर, मग रंगाचे दोन हात, आणि हे सगळे वाळल्यावर रबरासारखे मऊ राहणारे कोटिंग. कोटिंग मारताना सायलेन्सर, ब्रेक, फिरणारे दांडे झाकून घ्यावेत. पाणी बाहेर जाण्याची भोके तर मुळीच बुजवू नयेत. आम्ही अशी गाडी पाहिली आहे जिच्या दारांची सगळी भोके कोटिंगने बंद झाली होती आणि दार हलवले की आत पाणी डुचमळत होते.

किनाऱ्यावर एक जुना उपाय आहे. पावसाळ्याच्या तोंडावर इंजिनातले काढलेले काळे ऑइल तळाला फवारायचे. त्याने पत्रा थोडाफार वाचतो हे खरे. पण तेच ऑइल सस्पेन्शनमधल्या रबराच्या बुशांना फुगवते आणि खराब करते, धूळ धरून ठेवते, पहिल्या पावसात धुवून गटारात आणि विहिरीत जाते. पाच रुपये वाचवून पंधरा घालवण्याचा प्रकार आहे. करू नये.

कागदपत्रांचे थोडे सांगतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते आणि त्या वेळी गाडी तपासणीला न्यावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीची ही फी ६०० वरून ५,००० रुपये झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील गाड्यांसाठी आणखी वाढवण्यात आली. तेव्हा तेरा-चौदा वर्षांची गाडी स्वस्तात मिळते आहे असे वाटले तर हा खर्च आणि तळाच्या वेल्डिंगचा खर्च दोन्ही किमतीत मिळवून मगच स्वस्त म्हणावे. विमा गंजाची भरपाई देत नाही. झीज आणि घसारा पॉलिसीतून वगळलेले असतात. घसारा हा शब्द आम्ही रोज वहीत लिहितो. विमा कंपनी पाचव्या वर्षात गाडीची किंमत निम्म्यावर आणते, ती नागपूरच्या गाडीची आणि रेवदंड्याच्या गाडीचीही. गंजाला तो तक्ता ठाऊक नसतो.

व्यापाऱ्याकडून गाडी घेत असाल तर त्याच्याकडे आरटीओचे अधिकारपत्र आहे का ते विचारा. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी ही व्यवस्था आली. पावतीवर लिहून घ्यावे की गाडी पुरात बुडालेली नाही आणि तळाला कुठे कुठे वेल्डिंग झाले आहे. असे लिहून दिले आणि खोटे निघाले तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. काही जण सांगतात की गाडी धंद्यासाठी घेतली, मग तुम्ही ग्राहक कसले? हे ऐकून परत फिरू नये. स्वतः चालवून स्वतःचे पोट भरण्यासाठी घेतलेली गाडी ही त्या कायद्यात व्यापारी हेतूची धरलेली नाही. मात्र शेजारच्या गृहस्थाकडून, म्हणजे व्यापार न करणाऱ्याकडून गाडी घेतली तर ग्राहक आयोगाचा रस्ता सहसा उघडत नाही. तिथे आपले गोणपाट आणि आपला टॉर्चच खरा.

त्या व्हॅनचे काम नीट झाले, मुलगा आता दर रविवारी स्वतः गाडीखाली शिरतो. त्याने जी पद्धत धरली आहे ती कुणालाही जमेल अशी आहे. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा चाकांच्या कमानीतला चिखल पाण्याच्या नळीने काढायचा, कारण ओला चिखल हाच गंजाचा बिछाना. समुद्रकिनाऱ्यावरून, वाळूवरून गाडी आणली तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवायची. वरून फडका मारून भागत नाही. ओल्या गाडीवर कव्हर घालायचे नाही. मॅट काढून कार्पेट दाबून बघायचे, ओले लागले तर सीट सोडवून फोम उन्हात टाकायचा. पाऊस संपला की ऑक्टोबरच्या उन्हात चारी दारे उघडी टाकून गाडी दिवसभर उभी ठेवायची. आणि दारांच्या खालच्या कडेला, दाराखालच्या पट्ट्यांना जी बारीक भोके असतात ती सायकलच्या जुन्या तारेने मोकळी करायची. आधी काळे पाणी येते, मग थोडी माती, कधी कुजलेली पानेही येतात. स्वच्छ पाणी येईपर्यंत तार फिरवत राहावे.